पाचव्या प्रकरणातले आठशे बारा कण

“मॅडम, हे आठशे बारा कण जुळे हायेत का?”

रुखसारने हे विचारलं तेव्हा तिच्या पीएचडीच्या व्हायवाला नऊ दिवस राहिले होते. व्हायवा म्हणजे तोंडी परीक्षा. थिसिस लिहून, छापून, बाइंडिंग होऊन विद्यापीठात जमा झाला होता. दोन्ही परीक्षकांचे अहवाल आले होते आणि दोन्ही चांगले होते. आता फक्त बाहेरच्या परीक्षकासमोर पाऊण तास बोलायचं, मग टाळ्या, हार आणि जेवण. आमच्या यवतमाळात व्हायवा परीक्षेसारखा कमी आणि साखरपुड्यासारखा जास्त असतो. पाहुणे फक्त साक्षीला येतात.

मी इथल्या एका कॉलेजात तीस वर्षं फिजिक्स शिकवते आहे. रुखसारची गाईड मीच. ती आर्णीची. वडील सलीमभाई ट्रॅक्टर आणि मोटरसायकली दुरुस्त करतात. एमएस्सीला माझ्या वर्गात होती तेव्हा पहिल्या बाकावर बसून एकही प्रश्न विचारायची नाही. मग पीएचडीला आली आणि चार वर्षांत माझं डोकं खाऊन टाकलं. मला तसलेच विद्यार्थी आवडतात, हेही सांगून टाकते.

मी तिच्या स्क्रीनकडे न पाहताच म्हटलं, “कण जुळे नसतात. स्लाईड पुरी कर.”

“तसं नाही वो मॅडम. पाहा तं एकदा.”

पाहिलं. काय दिसलं ते समजायला आधी तिचं काम काय होतं ते सांगावं लागेल. घाबरू नका, गणित नाही.

अवकाशातून पृथ्वीवर सतत कण आदळत असतात. एखादा फार वेगवान कण हवेत शिरला की वरच्या वर हवेतल्या अणूला धडकतो. त्यातून नवे कण निघतात, ते पुढच्या अणूंना धडकतात, त्यातून आणखी निघतात. जमिनीपर्यंत येता येता त्यांची संख्या लाखांत, कोटींत जाते. याला एअर शॉवर म्हणतात. आत्ता तुम्ही हे वाचताय तेव्हाही तुमच्या डोक्यावर थोडाफार सुरू आहे. त्रास काही नाही.

हे सगळे कण जवळजवळ एकाच वेळी जमिनीवर येतात. पण काही शास्त्रज्ञांना वाटतं की पहिल्या धडकेत कधीतरी एखादा अतिशय जड, आजवर कोणी न पाहिलेला कण जन्मत असावा. जड कण धडका खातो, पण प्रत्येक धडकेत त्याचं फारसं बिघडत नाही. गर्दीच्या मागे किंचित हळू, शांतपणे चालत येतो. किंचित म्हणजे सेकंदाचा पन्नास लाखावा भाग उशीर. आमच्या धंद्यात हा भरपूर उशीर झाला.

असा कण आलाच तर तो ओळखायचा कसा, हा रुखसारचा विषय. आमच्याकडे मैदानभर यंत्रं मांडायची ऐपत नाही. म्हणून सगळं सिम्युलेशन. म्हणजे शॉवरची कॉम्प्युटरवर केलेली नक्कल. मोकळ्या मैदानावर कण मोजणाऱ्या साठ प्लेटा मांडल्या आहेत असं धरायचं, वरून नकली शॉवर सोडायचा, त्यात एक जड कण घालायचा आणि कोणत्या प्लेटवर कधी किती कण पडले ते मोजायचं.

तिच्या पाचव्या प्रकरणात उत्तर होतं. मुख्य गर्दी येऊन गेल्यावर कुठल्यातरी एकाच प्लेटवर उशिरा एक ढीग पडतो. शेकडो कण एकदम. असा उशिराचा ढीग दिसला की समजा, जड कण येऊन गेला. ग्राफ इतका सुंदर होता की मी तो स्टाफरूमच्या बोर्डावर लावला होता. इतिहासाच्या सरांनी विचारलं, हे काय. मी म्हटलं, भविष्य.

आता तो ढीग रुखसारने स्लाईडसाठी उघडून पाहिला होता. त्यात आठशे बारा कण होते. आठशे बाराही जणांची वेळ एकच, अगदी दशांशचिन्हानंतरच्या शेवटच्या आकड्यापर्यंत. जागा एकच. ऊर्जा एकच. दिशाही एकच.

“हा एकच कण हाय मॅडम,” रुखसार म्हणाली. “त्याच्यावर आठशे बाराचा शिक्का हाय फक्त.”

हा शिक्का कुठून आला, तर माझ्याकडून.

पूर्ण शॉवर करायचा म्हणजे प्रत्येक कणाच्या मागे कॉम्प्युटर पळवायचा. आमच्या जुन्या मशीनवर एका शॉवरला दोन दिवस लागतात. म्हणून एक युक्ती वापरतात, तिला थिनिंग म्हणतात, म्हणजे विरळणी. कमी ऊर्जेचे शंभर कण निघाले तर नव्व्याण्णव सोडून द्यायचे, एक ठेवायचा आणि त्याच्यावर शिक्का मारायचा की हा शंभर जणांच्या वतीने आला आहे. त्या शिक्क्याला आम्ही वेट म्हणतो. दोन दिवसांचं काम वीस मिनिटांत होतं. जगभर वापरतात, त्यात काही गैर नाही.

चार वर्षांपूर्वी रुखसारला ही युक्ती पटत नव्हती. “सोडून देलेल्या कणांचं काय?” असं ती रोज विचारायची. मग मी तिला मार्केट यार्डाचं उदाहरण दिलं. कापसाची गाडी येते. व्यापारी सगळी गाडी थोडीच उपसतो? मूठभर कापूस काढतो, बोटांत धागा ताणून पाहतो आणि साऱ्या गाडीचा भाव बोलतो. थिनिंग म्हणजे ती मूठ. यवतमाळ जिल्ह्यात कोणाला मूठ समजावून सांगावी लागत नाही. तिला पटलं. मलाही पटलं. आमचे प्राचार्य तर त्या उदाहरणाच्या प्रेमातच पडले. प्रत्येक कार्यक्रमात सांगायचे, कधी माझं नाव घेऊन, बहुतेक वेळा न घेता.

आता त्या स्क्रीनसमोर उभी राहून मला जे कळलं ते व्यापाऱ्याच्या कोणत्याही हमालाला आधीपासून माहीत असतं. मुठीवरून गाडीतला माल कसा आहे ते कळतं. गाडीत कोणतं बोंड कुठे पडलं आहे ते कळत नाही. आम्हाला भाव नको होता. आम्हाला जागा हवी होती. ते आठशे बारा कण खरोखर आले असते तर साऱ्या मैदानभर विखरून पडले असते, एक इथे, दोन तिथे. थिनिंगमुळे त्यांच्या वतीने एकच जण आला, सतरा नंबरच्या प्लेटवर पडला, आणि प्रोग्रॅमने तिथे आठशे बारा मोजले. ढीग नव्हताच कधी.

सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट वेगळीच. प्रोग्रॅमच्या मॅन्युअलमध्ये एक पान याच्यावरच आहे. वेटवाला कण एका जागी मोजू नका, आजूबाजूला पुन्हा पसरवा, असं स्पष्ट लिहिलं आहे. ते पान मी वाचलं होतं. मुठीचं उदाहरण इतकं चोख बसलं होतं की मला त्या पानाची गरज वाटली नाही.

“बाकीचे ढीग पाह्यले?” मी विचारलं.

“सोळा पाह्यले. सोळाही तसेच हायेत.”

मी खुर्चीत बसले. मग मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते.

“कोणाले सांगतलं?”

“नाही. आताच तं दिसलं.”

“मग सांगू नको. व्हायवा होऊ दे. विद्यापीठाचं पत्र येऊ दे. मारेगावचं काम होऊ दे. मग आपण दुरुस्ती छापू, दोघींच्या नावानं.”

मारेगावचं काम म्हणजे तिची नोकरी. मारेगावच्या एका कॉलेजात फिजिक्सची एकच जागा निघाली होती. कायमची. आमच्या विषयात अशी जागा निघणं म्हणजे काय ते ज्यांनी वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं आहे त्यांनाच विचारा. तासिका तत्त्व म्हणजे आज तास आहे, उद्या नाही. मुलाखत जूनच्या पहिल्या आठवड्यात होती आणि तोवर पीएचडी हातात हवी होती. रुखसार एकतीस वर्षांची झाली होती. तिच्याबरोबरच्या मुली कुठल्या कुठे पोचल्या होत्या. हे हुकलं तर पुढची जागा कधी निघेल ते देवाला ठाऊक.

तिने लॅपटॉप बंद केला, बॅगेत टाकला आणि आर्णीच्या एसटीला निघून गेली. मला वाटलं पटलं असावं. हायसं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आली आणि दारातूनच म्हणाली, “मॅडम, बीसीए लॅबची चाबी पाहिजे.”

“कायले?”

“चाळीस मशीन हायेत तिथं. सुट्ट्या हायेत, बंदच पडून राह्यल्या. थिनिंग न करता पूर्ण शॉवर चालवतो. ढीग खरा हाय का खोटा, व्हायवाच्या आधी माहीत पाहिजे.”

“ते पुन्हा पसरवायचं मॅन्युअलात हाय न. दोन दिवसांत होइन ते.”

“तेबी अंदाजच झाला मॅडम. अंदाजावर अंदाज मले नाही करायचा आता.”

“अन् खोटा निघाला तं?”

“तं खोटा हाय म्हणून सांगीन.”

“मारेगाव जाइन हातचं.”

तिने बॅग टेबलावर ठेवली. “मॅडम, मी मारेगावले जाईन, पोरायले शिकवीन. एखादं हुशार पोरगं म्हणन, मॅडम, तुमचा थिसिस दाखवा न. पाचवं प्रकरण उघडाले भेव वाटन मले. जिंदगीभर भेव वाटन. कालचा पूरा दिवस इचार केला. नाही जमत.”

मला तिचा राग आला. खरंच आला. चूक माझी, आणि ही पोरगी शहाणपणा शिकवून राहिली मला! पण उठले आणि चाबी मागायला प्राचार्यांकडे गेले.

मी त्यांना सांगणार होते की काही जादा रन घ्यायचे आहेत, म्हणजे आणखी काही शॉवर चालवायचे आहेत. रुखसार मागून आली आणि तिने सगळं सांगून टाकलं. सरळ, तीन वाक्यांत.

प्राचार्यांनी चष्मा काढला. “म्हणजे ढीग नाही?”

“बहुतेक नाही सर.”

“अवं, पण फ्लेक्स लागलं न!”

खरं होतं. आर्णीच्या बसस्टँडसमोर बॅनर लागून चार दिवस झाले होते. ‘डॉ. रुखसार यांचे हार्दिक अभिनंदन’, खाली बावीस शुभेच्छुकांचे फोटो. फ्लेक्सवाल्याने ‘डॉ.’ एवढंच वाचलं होतं, त्यामुळे रुखसारच्या गळ्यात स्टेथोस्कोप लावून दिला होता. सलीमभाईंना कोणीतरी ते दाखवलं तर म्हणाले, राहू द्या, शोभून दिसते.

“फ्लेक्स लागलं, परीक्षकांचं रिझर्व्हेशन झालं, जेवण सांगतलं,” प्राचार्य म्हणाले, “अन् तुम्ही आता सांगून राह्यल्या! मॅडम, तुम्ही गाईड हाय न? तुमचं काय म्हणणं?”

दोघंही माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, “चाबी द्या सर. निदान माहीत तं होऊ द्या.” माझ्यात तेवढीच हिंमत होती.

त्यांनी चाबी दिली. लॅब उघडली तर आत भट्टी होती. चाळीसपैकी अडतीस मशीन सुरू झाल्या. रुखसारने प्रत्येकीवर एकेक शॉवर सोडला आणि दर तासाला रांगेतून फिरून पाहू लागली. आमचा हा प्रोग्रॅम जुना आहे. मध्ये थांबला तर जिथे होता तिथून पुढे जात नाही, पहिल्यापासून सुरू करतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीड वाजता लाईट गेली.

लॅबमध्ये यूपीएस होता. त्याचा हिरवा दिवा लागायचा, एवढंच. आतल्या बॅटऱ्या कधीच मेल्या होत्या. अडतीस शॉवर एका क्षणात गेले. रुखसार अंधाऱ्या स्क्रीनकडे पाहत उभी होती. चार वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. ओढणीने डोळे पुसले आणि म्हणाली, “अब्बूले फोन करतो.”

मला वाटलं घरी जायचं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मालवाहू ऑटो कॉलेजच्या गेटात उभी. सलीमभाई उतरले. मागे ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या.

“मॅडम, सलाम. गाडी कोणती बंद पडली?”

मी त्यांना यूपीएस दाखवला. त्यांनी मागचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि जीभ टाळूला लावून च्यक केलं.

“किती टाइम चालू ठेवाचं हाय?”

“चार दिवस. एक क्षणसुद्धा बंद नाही पडलं पाहिजे.”

“अन् लाईट किती किती टाइम जाते?”

“एक तास. कधी दोन.”

“हो जाएगा,” असं म्हणून ते कामाला लागले. दुपारपर्यंत यूपीएसच्या पोटातून वायरी बाहेर आल्या होत्या आणि लॅबच्या भिंतीला ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांची रांग लागली होती. प्राचार्य दारातून डोकावले, वायरी पाहिल्या आणि पुन्हा आले नाहीत.

काम करता करता सलीमभाईंनी मला हळूच विचारलं, “मॅडम, रुखसार म्हणते का तिच्या कामात फॉल्ट निघाला. सही बात हाय का?”

“हो.”

“फॉल्ट तिचा?”

“नाही. माझा.”

त्यांनी पाना खाली ठेवला. वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, “म्हणूनच तिनं कोणाचं नाव नाही घेतलं घरी,” आणि पुन्हा पाना उचलला.

पुढच्या चार दिवसांत लाईट पाच वेळा गेली. मशीन एकदाही बंद पडल्या नाहीत. दोन फेऱ्या झाल्या. तीन शॉवर मध्येच अडकले, त्र्याहत्तर पूर्ण झाले. एकूण सगळे कण, एकूणएक, कोणाच्या वतीने कोणी नाही. व्हायवाच्या आदल्या दिवशी दुपारी रुखसारने ग्राफ काढला.

ढीग नव्हता. त्र्याहत्तरपैकी एकातही नव्हता. उशिरा आलेले कण होते, पण ते मैदानभर विखुरलेले, आणि नेहमीच्या रेंगाळणाऱ्या कणांपासून वेगळे काढता येणार नाहीत असे. जड कण आमच्या साठ प्लेटांवरून आरामात निघून गेला असता आणि आम्हाला पत्ताही लागला नसता. चार वर्षांच्या कामाचं उत्तर ‘ओळखता येत नाही’ असं निघालं. मी स्टाफरूममध्ये जाऊन बोर्डावरचा ग्राफ काढला. इतिहासाच्या सरांनी काही विचारलं नाही, भले माणूस आहेत.

व्हायवाच्या दिवशी हॉल भरलेला. आर्णीहून अकरा जण हार घेऊन आले होते. बाहेरचे परीक्षक जोगदंड सर, साठीचे, या विषयातले मोठे नाव, पहिल्या रांगेत बसले होते. प्राचार्यांनी स्वागत केलं आणि सवयीने बोलता बोलता मुठीचं उदाहरण सांगितलं. मध्येच त्यांच्या लक्षात आलं. पण गाडी अर्ध्यात होती, थांबवता येईना. त्यांनी पूर्ण सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जमिनीकडे पाहत होते.

रुखसार उठली. पहिल्या स्लाईडवर नाव. दुसऱ्या स्लाईडवर एकच ओळ होती. ती तिने वाचून दाखवली, “माझ्या थिसिसमधलं पाचवं प्रकरण चुकीचं आहे. का, ते मी आज सांगणार आहे.”

मग तिने सांगितलं. वीस मिनिटं. आठशे बाराचा ढीग, शिक्का, सतरा नंबरची प्लेट, त्र्याहत्तर शॉवर. आवाज एकदाही कापला नाही. पाण्याचा ग्लास मी दोनदा उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

जोगदंड सरांनी थिसिस उघडून तो ग्राफ काढला. मग म्हणाले, “हा ग्राफ मी वाचला होता. मला फार आवडला होता.”

“मलाही, सर,” रुखसार म्हणाली.

“थिनिंग वापरायचं कोणी ठरवलं?”

“आम्ही ठरवलं, सर.”

हा ‘आम्ही’ मी ऐकला. तेव्हा उठून बोलायला हवं होतं. उठले नाही.

“मी आज डिग्री द्या असं लिहू शकत नाही,” ते म्हणाले. “माझा आधीचा अहवाल मला मागे घ्यावा लागेल. तुम्ही प्रकरण पुन्हा लिहा, आज दाखवलंत तेच लिहा. तीन-चार महिने लागतील.”

मागच्या रांगेतून सलीमभाई उभे राहिले. “साहेब, माफ करा. पास झाली का नापास झाली?”

“दोन्ही नाही. दुरुस्ती करायची आहे.”

“दुरुस्ती होय?” सलीमभाईंनी मागे वळून आर्णीच्या लोकांना सांगितलं, “दुरुस्ती हाय. भंगारात नाही गेली.” आणि हार घेऊन खाली बसले. जेवण झालं. सांगितलेलंच होतं. जोगदंड सर फार जेवले नाहीत.

मारेगावची जागा गेली. जूनमध्ये मुलाखती झाल्या, कोणी दुसरं लागलं. रुखसारने अर्ज मागे घेतला नाही, मुलाखतीला गेली आणि डिग्री का नाही ते तिथेही सांगून आली. त्यांनी चहा पाजला. आर्णीला सलीमभाईंनी शिडी लावून बॅनरवरच्या ‘डॉ.’वर कागदाची पट्टी चिकटवली. बॅनर उतरवला नाही. दिवाळीच्या आधी विद्यापीठाचं पत्र आलं तेव्हा तीच पट्टी ओढून काढली. स्टेथोस्कोपचा रंग तोवर उन्हाने उडून गेला होता.

डिग्री मिळाल्यावर आठ दिवसांनी मला जोगदंड सरांचा फोन आला. म्हणाले, “मॅडम, तुमच्याकडून परत आलो आणि आमच्याच ग्रुपचे जुने रन उघडले.” पुढे म्हणाले, “आमच्याकडेही ढीग आहेत. छापलेले आहेत.” मी ‘अरे बापरे’ म्हटलं. त्यांनी विचारलं, रुखसार येईल का त्यांच्याकडे, सगळं पुन्हा तपासायला, तीन वर्षांसाठी. ती गेली. दोन गाड्या बदलून जावं लागतं. सलीमभाई मला एकदा मार्केटजवळ भेटले तेव्हा म्हणाले, “पोरगी खुश हाय मॅडम. पण मारेगाव असतं तं शनिवारी घरी आली असती.”

जोगदंड सरांनी नव्या अहवालात शेवटी एक वाक्य लिहिलं होतं. विद्यार्थिनीचा प्रामाणिकपणा हा मार्गदर्शकाच्या संस्कारांचा परिणाम दिसतो, असं काहीतरी. त्या वाक्यावर कॉलेजने मला यंदा उत्कृष्ट मार्गदर्शक म्हणून शाल दिली. प्राचार्य दहा मिनिटं बोलले, मूठ वगळून. मी शाल घेतली, नमस्कार केला, फोटो काढला.

माझ्या धंद्यातला धडा सांगायचा तर साधा आहे. मनासारखं उत्तर आलं की त्यातला एकेक कण उघडून पाहा. आणि विद्यार्थ्याला उदाहरण दिलं की त्याच दिवशी हेही सांगा की हे उदाहरण काय सांगत नाही. मी आता सांगते. वर्गाला कंटाळा येतो.

फोटो मी रुखसारला पाठवला. तिचा लगेच फोन आला, अभिनंदन मॅडम, पार्टी पाहिजे. मग इकडचं तिकडचं झालं. ठेवायच्या आधी मी विचारलं, “रुखसार, मी तुले त्या दिवशी गप्प बस म्हटलं होतं, थे तू कोणाले सांगतलं का?”

“नाही मॅडम.”

“अब्बूले? जोगदंड सरायले?”

“कोणालेच नाही.”

“काहून?”

“तुम्ही सांगान म्हणून वाट पाहून राह्यली होती.”

म्हणून हे लिहिलं.